४७ जी/१३ : झेरॉक्सवर हरवलेली घळ

ओढ्यावर बोट ठेव आणि पाणी कुठं जातं ते दाखव, एवढंच मी तिला म्हटलं होतं. बारावीच्या भूगोलाची सराव तोंडी परीक्षा चालू होती. टेबलावर स्थलनिर्देशक नकाशाचा तुकडा आणि शेजारी तिची प्रात्यक्षिक वही. वहीतला 'अ-ब' रेषेवरचा छेद, म्हणजे त्या रेषेवर डोंगर उभा कापला तर दिसेल तो आकार, इतका स्वच्छ, की पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला मी ती वही मागून घेणार होते. तिनं बोट ठेवलं, क्षणभर थांबली आणि डोंगराच्या सोंडेवरून, म्हणजे दोन घळींमधल्या उंचवट्यावरून, ते वर माथ्याकडे नेलं. पाणी डोंगर चढायला लागलं.

घाबरली असेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच झालं. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा म्हणजे समोच्च रेषा. मग मी त्यांच्यावरून दरी ओळखायचा नियम विचारला. तो तिनं एका दमात सांगितला : समोच्च रेषांची टोकं वाढत्या उंचीकडे वळलेली असतील तर दरी, कमी होणाऱ्या उंचीकडे वळलेली असतील तर सोंड. शब्द न शब्द बरोबर. बोट मात्र अजून सोंडेवरच होतं.

हे प्रकरण त्या बोटाचं आहे. ते खाली वळायला साधारण दोन महिने लागले. त्या काळात मी जे पाहिलं, जे बदललं आणि जे मला आधीच दिसायला हवं होतं, ते भूगोल शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते आहे.

मुलगी, विषय आणि नकाशा

विद्यार्थिनी कला शाखेची. धोम धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहते. तिचं नाव आणि वाडीचं नाव इथं देत नाही. सकाळच्या एसटीनं वाईला यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं. ती गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. अकरावीत भूगोल का घेतलास असं विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मॅडम, प्रात्यक्षिकाचे वीस हातात असतात." लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० अशी विभागणी असल्यामुळे आमच्याकडे बरीच मुलं याच हिशेबानं हा विषय घेतात. त्यात काही चुकीचं आहे असं मला वाटत नाही. ज्या घरातून बारावीपर्यंत पोहोचणारी ती पहिलीच, तिथं हातात असलेले वीस गुण ही मोठी गोष्ट असते.

ती वर्गातल्या पहिल्या दोन-तिघांत होती. प्रमाणाचं रूपांतर, नकाशावरची जागा सांगणारे चार अंकी आणि सहा अंकी संदर्भ, सांकेतिक खुणा, उताराचे प्रकार, वस्त्यांचे प्रकार, सगळं तिला यायचं. नकाशावर एखाद्या काठाजवळ '५आर' असं छापलेलं असतं. त्यातला आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगत नाही, भोवतालच्या जमिनीपेक्षा ती जागा किती उंच किंवा खोल आहे ते सांगतो. हे वर्गात फक्त तिलाच माहीत होतं.

आम्ही वापरतो तो नकाशा आमच्याच भागाचा, क्रमांक ४७ जी/१३. हा क्रमांक मी पहिल्या तासाला उलगडून सांगते, कारण एकदा तो कळला की मुलांना नकाशाचा पत्ता वाचता येतो. ४७ म्हणजे १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांच्यामधला मोठा चौकोन. त्याचे एकेका अंशाचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत. त्यातला 'जी' म्हणजे १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश. त्याचे पुन्हा १५-१५ मिनिटांचे १६ तुकडे, वरून खाली मोजत जायचं. तेरावा तुकडा ईशान्येच्या कोपऱ्यातला. वाई त्यात येतं, पाचगणी येतं. महाबळेश्वर मात्र शेजारच्या ९ क्रमांकाच्या नकाशावर जातं. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा दर २० मीटरला आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे १०० मीटरची.

वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणीचं टेबललँड १३०० च्या वर. मधल्या पसरणीच्या घाटात तीसेक रेषा एकावर एक दाटीनं बसलेल्या असतात. ही मुलगी लहानपणापासून या रेषांच्या शेजारी राहत आली होती.

कारण शोधताना

पहिल्यांदा मी चूक तिच्या तयारीत शोधली. 'पाठांतर करते, समजून घेत नाही' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडात तयारच असतं. पण दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न आणखी काही मुलांना विचारला आणि निम्म्याहून अधिक बोटं चुकीच्या बाजूला गेली. बरोबर सांगणाऱ्यांत एक मुलगा होता, ज्याचा छेद आजवर एकदाही धड आला नव्हता. तो घरची मेंढरं घेऊन फिरलेला. त्यानं नकाशा हातात घेतला, आधी वर्गाच्या खिडकीकडे तोंड करून फिरवून धरला आणि म्हणाला, "ही घळ. हितनं पाणी येतं." त्याला मी वर्षभर कमी गुण देत आले होते.

त्या संध्याकाळी मी भूगोलाच्या कपाटातले सगळे नकाशे टेबलावर पसरले. रंगीत मूळ प्रत एकच आणि तीही घड्यांवर फाटलेली, म्हणून ती आम्ही काचेखाली ठेवतो. मुलांच्या हातात वर्षानुवर्षं असतात त्या झेरॉक्स प्रती. त्यातली एक मी मुलांच्या नजरेनं पाहायचा प्रयत्न केला, आणि ती मुलगी का चुकली ते मला तिथंच कळलं.

रंगीत नकाशावर समोच्च रेषा तपकिरी असतात. पाणी निळं, वस्ती आणि मोठे रस्ते लाल, शेती पिवळी, झाडी हिरवी आणि नावं काळी. आपल्याकडच्या नकाशांवर एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. पावसाळ्यानंतर आटणारे ओढे काळ्या रेषेनं दाखवतात आणि जिथं बारमाही पाणी असतं तेवढाच भाग निळा असतो. डोळ्याला दरी सापडते ती या रंगांमुळे. तपकिरी रेषांच्या गर्दीतून काळी किंवा निळी रेषा उतरताना दिसली की ती दरी, आणि अशा दोन रेषांच्या मधली कोरी जागा म्हणजे सोंड. झेरॉक्सवर हे सगळं काळं होतं. समोच्च रेषा काळी, ओढा काळा, पायवाटही काळी. फिकट निळा रंग तर बऱ्याचदा उमटतच नाही. जी खूण बघून ती दरी ओळखणार होती, ती खूणच मी तिच्या हातातून काढून घेतली होती. उरला होता फक्त नियम. नियम लावायचा तर आधी कुठली बाजू उंच हे शोधावं लागतं, आणि त्यासाठी झेरॉक्सवर अर्धवट उमटलेले बारीक आकडे वाचावे लागतात. परीक्षेच्या घाईत तिनं अंदाज केला. ज्या बाजूला रेषांचं टोक ठळक, ती दरी.

मग छेद बरोबर कसा येत होता? छेदाला डोंगर समजावा लागत नाही. रेषेवर कागदाची पट्टी ठेवायची, रेषा कापेल तिथं खूण करायची, आकडा लिहायचा, आलेखावर उतरवायचा आणि बिंदू जोडायचे. मन लावून केलं तर कुणालाही जमतं. आणि गुण छेदालाच असतात.

दुसरं कारण मला त्यानंतर काही दिवसांनी सापडलं, तिच्याच वहीत. छेद काढताना आम्ही उभं प्रमाण एक सेंटीमीटरला १०० मीटर घेतो, नाहीतर आलेखावर चढउतार दिसतच नाहीत. आडवं प्रमाण मात्र एक सेंटीमीटरला ५०० मीटर. म्हणजे कागदावरचा डोंगर खऱ्यापेक्षा पाचपट उंच. वहीत तिनं काढलेली कृष्णेची दरी हिमालयातल्या एखाद्या घळईसारखी दिसत होती. घराच्या दारातून ती रोज जी दरी पाहते, ती रुंद, सावकाश उतरत जाणारी, मधे पायऱ्या असलेली. या दोन्ही एकच आहेत असं तिला वाटावं तरी कसं? उभं प्रमाण वाढवून घेतो हे मी शिकवलं होतं, त्यावर प्रश्नही विचारला होता. पण 'तुझ्या वहीतला डोंगर पाचपट ताणलेला आहे, खरा डोंगर मनात आणायचा तर त्याला दाबून बघ' हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

पुठ्ठ्याचा डोंगर

रंगीत नकाशा मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं सामान्य नागरिकांसाठी खुल्या नकाशांची वेगळी मालिका ठरवली आणि २०१७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागानं ते नकाशे संगणकावरून उतरवून घ्यायची सोय केली. मी आमच्या भागाचा खुला नकाशा घेतला, वाईतल्या एका छपाईवाल्याकडून कृष्णेच्या खोऱ्यातला सहा किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद तुकडा दुप्पट मोठा करून रंगीत छापून आणला. प्रमाण झालं १:२५,००० आणि तुकडा २४ सेंटीमीटर बाय १६ सेंटीमीटर. चार-चार मुलांत एक.

पहिल्या दिवशी फक्त निळी पेन्सिल. रेषा मोजायच्या नाहीत, नियम म्हणायचा नाही. प्रत्येक ओढा उगमापासून नदीपर्यंत निळा करायचा. तासाभरात नकाशावर झाडाच्या फांद्यांसारखी निळी जाळी उभी राहिली. मग तपकिरी पेन्सिलनं दोन फांद्यांच्या मधून माथ्यापर्यंत जाणारी रेघ ओढायची, ती सोंड. तिनं तिसरी रेघ ओढली आणि हात थांबवला. "मॅडम, मी तेव्हा पाणी दांडावरनं नेलं होतं?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. 'दांड' हा सोंडेसाठीचा तिच्या घरातला शब्द. पुस्तकात तो नाही.

त्यानंतर पुठ्ठ्याचा डोंगर. किराणा दुकानातून आणलेली खोकी, कात्री, फेव्हिकॉल. १:२५,००० प्रमाणावर १०० मीटर म्हणजे बरोबर ४ मिलिमीटर, आणि आमच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा पट्टीवर मोजला तर तेवढाच जाड भरला. म्हणजे एका पुठ्ठ्याला १०० मीटर धरले की डोंगर कुठंही ताणला जात नाही, जसा आहे तसाच उभा राहतो. प्रत्येक जाड रेषा कार्बन पेपरनं पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायची आणि खालच्या थरावर चिकटवायची. ७०० पासून १३०० पर्यंत सात थर.

कापताना जे घडलं ते मला फळ्यावर कधीच दाखवता आलं नसतं. घळीपाशी कात्री आत, डोंगराच्या पोटात शिरायची. सोंडेपाशी बाहेर यायची. मुलांच्या मनगटाला ते कळत होतं. ९०० मीटरचा थर कापताना तिची कात्री एका खोल वळणात अडकली, पुठ्ठा दुमडला आणि ती वैतागून म्हणाली, "ही घळ लईच आत गेलीय." नियम न म्हणता तिनं ती घळ ओळखली होती.

डोंगर पूर्ण झाला तेव्हा सगळ्यांची थोडी निराशा झाली. एवढ्या मेहनतीनंतर वीतभर लांबीचा आणि जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर उंचीचा ढीग. "एवढाच?" असं दोघा-तिघांनी विचारलं. मी त्यांना टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून बघायला सांगितलं. वाईकडच्या बाजूनं बघितलं तर खाली सपाटी, मग हळूहळू चढ, मग एकदम उभा टप्पा, वर सरळ कापलेला माथा. ती तशीच वाकून राहिली आणि म्हणाली, "हे तर स्टँडवरनं दिसतं तसंच हाय."

माथा सपाट का आणि मधे पायऱ्या का, हे तेव्हा सांगायला सोपं गेलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार उभं राहिलं. कठीण थर कड्यासारखा टिकतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. पाचगणीच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, म्हणून तो माथा टेबलासारखा राहिला.

पारशी पॉइंटवर

क्षेत्रभेट प्रात्यक्षिकाचाच भाग असते. एरवी आम्ही जवळची बाजारपेठ किंवा एखादा कारखाना बघून अहवाल लिहितो. या वेळी मी वर्गाला पसरणीच्या घाटानं पाचगणीला नेलं. पारशी पॉइंटवरून कृष्णेचं खोरं पूर्ण दिसतं. खाली धोमचं पाणी, पलीकडे कमळगड, डावीकडे महाबळेश्वरच्या दिशेनं उंच होत गेलेल्या रांगा. नकाशा जमिनीवर पसरून उत्तरेला लावला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी फक्त एकच काम दिलं : समोरच्या डोंगरातल्या पाच घळी आणि पाच सोंडा नकाशावर दाखवा. मेंढरांवाला मुलगा आणि ती, दोघं एका गटात. ती आकडे वाचत होती आणि तो बोट दाखवत होता. अर्ध्या तासानं दोघांनी कामं बदलून घेतली. मी सांगितलेलं नव्हतं.

पावसाचा धडाही तिथंच उघडला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि वाईला सातशे-आठशे. माथ्यावरून खाली उतरताना काही कोसांत एवढा फरक. खोऱ्याच्या वरच्या टोकाला जोर गावाकडे भाताची खाचरं, खाली वाईकडे ज्वारी आणि हळद. पर्जन्यछायेची व्याख्या मुलांना पाठ होती. तिथं उभं राहून त्यांनी ती पिकांच्या रंगातून वाचली. यावर वेगळा लेख लिहिता येईल, म्हणून इथंच थांबते.

तिची वाडी

अहवालाचा विषय प्रत्येकानं आपापला निवडायचा होता. तिनं आपली वाडी घेतली, आणि या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढचा.

तिनं आधी वस्तीचा प्रकार लिहिला : रेषाकृती. पुस्तकात रेषाकृती वस्तीची उदाहरणं रस्त्याकडेची, नदीकाठची, किनाऱ्यावरची. तिच्या वाडीपाशी यातलं काही नाही. मग घरं एका ओळीत का? तिनं नकाशावर पाहिलं तर तिची वाडी आणि शेजारच्या दोन वाड्या जवळपास एकाच उंचीवर, एकाच रेषेला धरून बसलेल्या. ती मला विचारायला आली. मी उत्तर दिलं नाही, एवढंच विचारलं, "पाणी कुठून आणता?" तिघी वाड्यांचे झरे डोंगराच्या त्याच पायरीवर होते. वरच्या भेगाळ खडकातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून बाहेर पडतं. अशा सांध्यात बऱ्याचदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. तो तिनं झऱ्याशेजारी लहानपणापासून पाहिला होता आणि त्या मातीनं भिंत सारवलेलीही पाहिली होती. झरा आहे म्हणून पायरीवर वस्ती, आणि पायरी समोच्च रेषेला धरून जाते म्हणून वस्ती रेषाकृती. हे वाक्य तिचं. अहवालात तिनं ते असंच लिहिलं.

मग तिनं उतार मोजला. घरांच्या खाली दोन जाड रेषांमधलं अंतर मूळ प्रमाणावर दोन सेंटीमीटर, म्हणजे एका किलोमीटरला १०० मीटर चढ. घरांच्या मागे तेच अंतर पाच मिलिमीटर, म्हणजे अडीचशे मीटरला १०० मीटर चढ, साधारण २२ अंशांचा उतार. वाडी बरोबर त्या मोडावर, जिथं सौम्य उतार संपून तीव्र उतार सुरू होतो. आणि मोठी घळ, पुठ्ठ्यात कात्री अडकली होती तीच, वस्तीच्या एका टोकाशी उघडत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली आणि म्हणाली, "मॅडम, तळीयेला असंच होतं का?"

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आमच्या सातारा जिल्ह्यातही पाटण आणि वाई तालुक्यांतल्या वाड्यांवर दरडी आल्या होत्या. तेव्हा ती शाळेत होती. त्या रात्री वाडीतली सगळी माणसं देवळात येऊन बसली होती, एवढं तिला आठवत होतं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, नंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आमच्या भागातली मुलं ही नावं अभ्यासक्रमातून शिकत नाहीत.

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं यावर मी दोन दिवस विचार केला. तिला खोटा धीर द्यायचा नव्हता आणि भीतीही घालायची नव्हती. जे मला खात्रीनं माहीत होतं तेच सांगितलं. तीव्र उतार, त्यावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर, आणि थोड्या वेळात प्रचंड पाऊस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की दरडीचा धोका वाढतो. समोच्च रेषा यातली फक्त पहिली गोष्ट दाखवतात. मातीचा थर किती जाड, आत पाणी कसं वाहतं, जमिनीला भेगा पडल्यात का, हे वीस मीटरच्या रेषांतून कळत नाही. ते भूवैज्ञानिकांनी जागेवर येऊन बघायचं असतं. तू आणि मी नकाशावरून वाडी सुरक्षित आहे असंही म्हणू शकत नाही आणि धोक्यात आहे असंही. पण काय बघायचं ते तुला आता ठाऊक आहे : नव्या भेगा, कललेली झाडं आणि खांब, अचानक गढूळ झालेला किंवा एकाएकी थांबलेला झरा. यातलं काही दिसलं तर वाट न बघता घरच्यांना, सरपंचांना आणि तहसील कार्यालयाला कळवायचं.

तिनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "झऱ्याचं आजोबांना माहिती असंल."

गुणपत्रिकेत काय बदललं

प्रात्यक्षिकात तिला आधीही उत्तम गुण पडत होते, नंतरही पडले. या दोन महिन्यांतलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. मेंढरांवाल्या मुलाचा छेद सुधारला. पूर्ण बरोबर अजून येत नाही, पण रेषा कुठं वर जायला हवी आणि कुठं खाली हे त्याला आधीच माहीत असल्यानं चुकलेला बिंदू तो स्वतःच पकडतो. आणखी दोघी-तिघी अशा आहेत, ज्यांना पुठ्ठा आणि पाचगणी होऊनही नवीन नकाशा समोर आला की घळ सापडत नाही. त्यांच्यासाठी काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. एक शंका येते, की त्या कधी डोंगर चढलेल्याच नाहीत. पाचगणीलाही आम्ही एसटीनंच गेलो होतो. पुढच्या वेळी निदान घाटाचा शेवटचा टप्पा पायी चढायचा, असं ठरवलं आहे.

माझ्या शिकवण्यात तीन गोष्टी बदलल्या. झेरॉक्स नकाशा मी आता वर्गात देत नाही, चार मुलांत एक का होईना पण रंगीतच देते. छेदाच्या आधी निळी पेन्सिल येते. आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न व्याख्येचा नसतो. नकाशावर मी एक ठिपका देते आणि विचारते : तू इथं उभी आहेस, तोंड उत्तरेला आहे, तर समोर काय दिसतं, पाठीमागे काय, आणि पाणी सांडलं तर कुठं जाईल?

वेळेचा प्रश्न खरा आहे, तो लपवत नाही. पुठ्ठ्याच्या डोंगराला आमचे चार प्रात्यक्षिक तास गेले. ते मी लोकसंख्येच्या आलेखांतून काढले, कारण ते मुलं घरी करू शकतात. प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. ज्यांना चार तास मिळणार नाहीत, त्यांनी निदान निळ्या पेन्सिलचा एक तास तरी द्यावा.

नकाशावर नसलेली नावं

अहवाल जमा करायच्या दिवशी तिनं सोबत तिच्या नकाशाची प्रत आणली. नकाशावर डोंगराच्या त्या बाजूला मोजून दोन नावं छापलेली आहेत. तिच्या प्रतीवर, निळ्या केलेल्या प्रत्येक घळीशेजारी आणि तपकिरी केलेल्या प्रत्येक दांडाशेजारी, बारीक अक्षरात नावं लिहिलेली होती. आजोबांना खाटेवर बसवून, नकाशा त्यांच्या मांडीवर पसरून, दोन संध्याकाळी तिनं ती विचारून घेतली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. समोच्च रेषा म्हणजे काय हे तिनं त्यांना पुठ्ठ्याच्या डोंगरावरून समजावलं. त्यासाठी तो डोंगर तिनं पिशवीत घालून एसटीनं घरी नेला होता आणि एका कोपऱ्याला तो थोडा चेंबला होता. कुठल्या घळीला पावसाळ्यात आधी आवाज येतो, कुठली पूर्वी दोनदा दगड घेऊन उतरली होती, कुठल्या झऱ्याचं पाणी मे महिन्यातही आटत नाही, हे त्यांनी सांगितलं आणि तिनं नावांपुढं लिहून घेतलं.

मोठ्या घळीपुढं तिनं तांबड्या शाईनं एक चौकट केली होती. आत लिहिलं होतं : आजोबांच्या वडिलांच्या वेळी घरं इथं होती, नंतर अलीकडे आणली.

ही प्रत मी ठेवून घेऊ का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. ही ग्रामपंचायतीत द्यायची आहे, म्हणाली, तुमच्यासाठी दुसरी करून आणते, फक्त मॅडम, ती रंगीत छापून द्याल का?